गाडी उचलली, आता सोडवायची कुठून?

गोव्यात चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आसपास या सदराकडे गाड्यांविषयीची पत्रे वाढतात. या वेळी ती एकत्र घेतली आहेत. उत्तरे लिहिणाऱ्यांना वाहतूक पोलिसांचे आणि फौजदारी न्यायालयातले काम रोजच्या ओळखीचे आहे.

बहुतेक पत्रांत एकच गफलत दिसली. गाडी ‘पोलिसांकडे आहे’ एवढेच मालकाला ठाऊक असते. ती कोणत्या कलमाखाली नेली, हे त्याने कागदावर वाचलेलेच नसते. पोलिसांकडची गाडी मात्र तीन निरनिराळ्या दारांनी बाहेर येते. चुकीच्या जागी लावलेली गाडी वाहतूक पोलिसांच्या ट्रॅफिक सेलमधून सुटते. लायसन्स, नोंदणी किंवा परमिटच्या कारणाने अडकवलेली वाहतूक खात्याकडून (आरटीओकडून) किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडून सुटते. गुन्ह्यातला मुद्देमाल झालेली गाडी तपास अधिकारी किंवा न्यायालय सोडते. दार चुकले की दिवस वाया जातो, आणि त्यात समोरच्या हवालदाराचा काही दोष नसतो.

गणपतीवर बांधायच्या माटोळीचे सामान घ्यायला बाजारात गेले आणि स्कूटर रस्त्याकडेला लावली. पंधरा मिनिटांनी परत आले तर स्कूटर गायब. दहा तास उभी असल्याशिवाय गाडी उचलता येत नाही, असे ऐकले होते. मग हे कसे? अशा वेळी आधी कुठे जायचे? – एक वाचक, डिचोली

दहा तासांची गोष्ट खरी आहे, पण अर्धी. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 127 मध्ये दोन परिस्थिती आहेत. सार्वजनिक जागी सोडून दिलेली बेवारस गाडी दहा तासांनी हलवता येते. दुसरी परिस्थिती पार्किंगला मनाई असलेल्या जागेची. तिथे मिनिटांचा हिशोबच नाही. गणवेशातला, त्या हद्दीचा पोलीस अधिकारी गाडी उचलायला किंवा चाकाला जॅमर लावायला सांगू शकतो. याशिवाय गाडी वाहतुकीला धोका ठरत असेल, तर ती लगेच हलवता येते. क्रेनवर खासगी पोरे काम करत असली, तरी निर्णय गणवेशातल्या अधिकाऱ्याचा असावा लागतो. तुमच्या तालांवावर, म्हणजे दंडाच्या चलनावर, त्याचे नाव किंवा बक्कल नंबर आहे का, ते बघा.

मनाई कुठे असते, यावर वाद होतात. पदपथ, झेब्रा पट्टे, नाक्याजवळची जागा, बसथांबा, इस्पितळाचे किंवा शाळेचे प्रवेशद्वार, कोणाच्याही घराचे गेट आणि उभ्या गाडीला लावलेली दुसरी रांग या ठिकाणी फलक नसला तरी मनाई आहे. 2017 च्या वाहनचालक विनियमांत ते लिहिलेले आहे. ‘बोर्ड कुठे होता?’ हा युक्तिवाद तिथे चालत नाही. इतर रस्त्यांवर तो चालू शकतो.

सणांच्या दिवसांत तात्पुरत्या निर्बंधांची भर पडते. कार्निव्हल, शिगमोचे चित्ररथ किंवा चवथीचा बाजार असला की प्रशासन काही रस्त्यांवर वाहनांना बंदी घालते. कलम 115 प्रमाणे एक महिन्यापर्यंतच्या निर्बंधाला राजपत्रातली अधिसूचना लागत नाही. परिस्थितीनुसार स्थानिक प्रसिद्धी पुरते. म्हणूनच काल जिथे स्कूटर बिनघोर उभी होती, तिथून ती आज उचलली जाते. दोरी, कोन किंवा कागदी फलक दिसला तर तो मनावर घ्या.

आता स्कूटर दिसत नाही तेव्हाचे. चोरीची तक्रार द्यायला धावण्याआधी शेजारच्या गाडेवाल्याला विचारा, क्रेन आली होती का. नाहीतर 112 वर फोन करून गाडीचा नंबर सांगा. तालांवाचा एसएमएस नोंदणीतल्या मोबाईलवर जातो. कित्येक स्कूटरवर तिथे जुना, क्वचित डीलरचाच नंबर असतो, म्हणून मेसेज नाही म्हणजे तालांव नाही असे समजू नका. निघण्यापूर्वी त्या जागेचे दोन फोटो काढा, एक लांबून आणि एक फलक असलेल्या किंवा नसलेल्या खांबाचा. हा पुरावा पुन्हा मिळत नाही, कारण दुसऱ्या दिवशी तिथे फलक लागलेला असू शकतो.

सेलमध्ये आरसी, लायसन्स, विमा, पीयूसी आणि ओळखपत्र लागते. डिजिलॉकर किंवा एमपरिवाहनमधले कागद चालतात, गॅलरीतला आरसीचा फोटो मात्र कागद नव्हे. मालक स्वतः जाऊ शकत नसेल, तर त्याचे सहीचे पत्र आणि ओळखपत्राची प्रत घेऊन घरच्या माणसाला पाठवा. चावी द्यायला विसरू नका. हँडल लॉक केलेली स्कूटर चावीशिवाय आणायला गेलेले लोक रोज हात हलवत परततात. हेल्मेटही न्या. नाहीतर गाडी सोडवून फाटकाबाहेर पडताच कलम 194 ड चा हजाराचा तालांव तयार असतो.

चुकीच्या पार्किंगला कलम 177 खाली पहिल्या वेळी 500 रुपये आणि पुन्हा झाल्यास 1500 रुपयांपर्यंत दंड आहे. गोव्यात हे वाढीव दर एप्रिल 2022 पासून लागू झाले. ओढून नेण्याचा खर्च त्याहून वेगळा असतो आणि कायद्यानेच तो मालकावर टाकला आहे. दोन्हींच्या पावत्या वेगवेगळ्या मागा. पावतीवर गाडीचा नंबर, तारीख आणि रक्कम हवी. एक गोष्ट पैसे काढण्याआधीच ठरवा: जागेवर दंड भरणे म्हणजे कलम 200 प्रमाणे गुन्हा तडजोडीने मिटवणे. भरला की प्रकरण संपले. मग ‘माझी चूक नव्हती’ म्हणायला न्यायालयात जागा उरत नाही.

क्रेनने नेलेली स्कूटर परत घेतली. घरी येऊन पाहतो तर पुढचा मडगार्ड तडकलेला आणि आरसा सैल. भरपाई कोण देणार? – स्कूटरमालक

घरी येऊन पाहिलेत, घोडे तिथेच अडते. फाटकाबाहेर पडल्यावर ‘हे आधीपासूनच होते’ हे उत्तर खोडायला तुमच्या हातात काही राहत नाही.

नुकसान बहुधा ठरलेल्या जागीच होते. हँडल लॉक असलेली स्कूटर दोघे जण मागून सीटखालच्या ग्रॅब रेलला आणि पुढून मडगार्डला धरून उचलतात. मडगार्ड प्लास्टिकचा असतो, वजन धरायला बनवलेला नसतो. तो बोल्टच्या भोकापाशी तडकतो. व्हॅनवर स्कूटर एकमेकींना टेकवून उभ्या केल्या की आरसे, ब्रेकची लिव्हर आणि शेजारच्या सायलेन्सरच्या जाळीने घासलेले पॅनेल ही नुकसानीची पुढची ठिकाणे. नंबरप्लेट वाकते ती उतरवताना. ताबा घेताना उजेडात याच जागा बघा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा, पुढचे चाक सरळ आहे का ते मागे उभे राहून पाहा आणि सीटखालची डिकी उघडा.

चारचाकीत वेगळ्या गोष्टी बिघडतात. पुढच्या चाकांना जोर असलेली गाडी पुढून उचलावी लागते. ती मागून उचलून ओढली, तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तेलाविना फिरत राहतो आणि दुखापत आतून होते, बाहेर काहीच दिसत नाही. हँडब्रेक लावलेली गाडी पुढून उचलून ओढली की मागचे टायर एका जागी सपाट घासले जातात. हात फिरवला की तो चट्टा लागतो. विजेवरची आणि चारही चाकांना जोर असलेली गाडी पूर्ण प्लॅटफॉर्मवर चढवूनच न्यायला हवी. तुम्ही वेळेत पोहोचलात आणि चावी जवळ असेल, तर निदान गिअर न्यूट्रल करून हँडब्रेक सोडून द्या. हुज्जत त्यानंतर घालता येते.

नुकसान दिसले, तर गाडी न हलवता यार्डातच फोटो काढा. मागे क्रेन किंवा सेलची भिंत येऊ द्या. ताबा घेतल्याची सही करताना त्याच ओळीत लिहा: ‘मडगार्ड तडकलेला, आरसा सैल, हरकत राखून ताबा घेतला.’ सही करायच्या रकान्यात लिहू देत नसतील, तर त्याच दिवशी सेलच्या निरीक्षकांना अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. दखल घेतली गेली नाही, तर तीच प्रत जोडून वाहतूक पोलिसांच्या अधीक्षकांकडे जा.

विम्याचे म्हणाल तर नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत तुम्हाला काहीच मिळणार नाही. सर्वंकष पॉलिसीत रस्त्याने वाहून नेताना झालेले नुकसान धरलेले असते. पण मडगार्डसाठी दावा करू नका, असे आम्ही सांगू. दावा केला की पुढच्या नूतनीकरणाला नो क्लेम बोनस जातो. तो वर्षांप्रमाणे 20 टक्क्यांपासून 50 टक्क्यांपर्यंत असतो. अनेकदा मडगार्डच स्वस्त पडतो.

माझ्या कारने एका दुचाकीस्वाराला धक्का बसला आणि तो जखमी झाला. गुन्हा नोंद आहे. कार दोन महिने पोलीस ठाण्याच्या आवारात आहे. कोणी म्हणते खटला संपेपर्यंत मिळणार नाही, कोणी म्हणते वकील द्या. – एक वाचक

खटला संपेपर्यंत थांबायची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात हे स्पष्ट केले. जप्त वाहने पोलीस ठाण्यात वर्षानुवर्षे ठेवून काही उपयोग नाही, फोटो आणि पंचनामा करून, हमी आणि जामीन घेऊन ती परत द्यावीत, असे ते सांगते. तरीही ठाण्यांच्या कुंपणाला वेलींनी वेढलेल्या गाड्या दिसतात. त्यातल्या कित्येकींसाठी कोणी अर्जच केलेला नसतो.

गाडीचा प्रवास असा असतो. घटनास्थळाचा पंचनामा होतो. मग गाडीचा जप्ती पंचनामा दोन पंचांसमोर होतो आणि मुद्देमाल रजिस्टरमध्ये तिला नंबर मिळतो. त्यानंतर वाहतूक खात्याचा मोटार वाहन निरीक्षक येऊन ब्रेक, स्टिअरिंग, दिवे आणि टायर तपासतो, म्हणजे अपघात यांत्रिक बिघाडाने झाला की नाही ते ठरते. ही तपासणी होईपर्यंत गाडीला हात लावू नका. फुटलेला दिवा किंवा बंपरचा तुकडासुद्धा उचलू नका. कलम 136 सांगते की तपासणीसाठी गाडी कुठे नेली ते मालकाला कळवावे आणि सोपस्कार पूर्ण झाल्यावर 24 तासांत ती परत द्यावी. किरकोळ प्रकरणांत हे घडतेही. तुमचे दोन महिने गेलेत, म्हणून आधी तपास अधिकाऱ्याला एकच विचारा: निरीक्षकाचा अहवाल आला का? नसेल तर गाडी तिथेच अडलेली आहे, न्यायालयात नव्हे.

अहवाल आला असेल, तर दोन वाटा आहेत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 106(3) प्रमाणे, ठेवायला नीट जागा नसेल किंवा तपासाला गाडीची गरज उरली नसेल, तर पोलीस स्वतःच हमीपत्र घेऊन ती ताब्यात देऊ शकतात. ही वाट जवळची आहे, पण ती धरायला अधिकारी कचरतात. दुसरी वाट त्या हद्दीच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करण्याची. तो कलम 497 किंवा 503 खाली करतात, पूर्वीची 451 आणि 457 ती हीच. नव्या 497 मध्ये एक कामाची गोष्ट आली आहे. मालमत्ता न्यायालयासमोर आल्यापासून 14 दिवसांत तिचे वर्णन तयार करायचे, फोटो किंवा व्हिडिओ काढायचे आणि त्यानंतर 30 दिवसांत तिचे काय करायचे याचा आदेश द्यायचा. फोटो पुरावा म्हणून चालतात, म्हणून गाडी गंजत ठेवायला कारण नाही. अर्जात हे लिहा.

वकील सक्तीचा नाही, पण अर्जाचा मसुदा त्याच्याकडून करून घेतलेला बरा. अर्जावर न्यायालय पोलिसांचा ‘से’ (लेखी म्हणणे) मागवते, सरकारी वकिलाचे म्हणणे ऐकते आणि आदेश देते. त्यात सहसा ठरावीक रकमेचे हमीपत्र आणि जामीनदार, गाडी विकायची नाही, रंग किंवा रूप बदलायचे नाही, बोलावल्यावर हजर करायची, अशा अटी असतात. आदेशाची प्रमाणित प्रत घेऊन ठाण्यात जा, पुन्हा फोटो होतील, ताबापावतीवर सही होईल.

अर्ज अडतात ते क्षुल्लक गोष्टींवर. पंचनाम्यातल्या चेसिस नंबरात एक अक्षर चुकलेले असते, ‘8’ च्या जागी ‘B’. समुद्राजवळच्या गाड्यांवर गंजाने तो नंबर वाचतासुद्धा येत नाही, तेव्हा पेन्सिलने कागदावर ठसा घेऊन आरसीशी ताडून बघतात. हे आदेशाआधी दुरुस्त करून घ्या. आदेशातही तोच चुकीचा नंबर आला, तर ठाण्यातून गाडी हलणार नाही. दुसरी अडचण नावाची. गाडी विकत घेतली, पण आरसी अजून जुन्या मालकाच्या नावावर असली, तर अर्ज त्यानेच करावा किंवा त्याचे प्रतिज्ञापत्र तरी जोडावे. कर्ज असेल तर बँकेचे नाव अर्जात लपवू नका.

विमा कंपनीला अपघाताच्या दिवशीच कळवलेले असावे. सर्व्हेअर ठाण्याच्या आवारात येऊन गाडी पाहू शकतो. त्यासाठी तपास अधिकाऱ्याची परवानगी मागा. सर्व्हे होण्याआधी गॅरेजवाल्याने बंपर उतरवला, तर दाव्यावर वाद झालाच म्हणून समजा.

विमा संपून तीन आठवडे झाले होते आणि अपघात झाला. दुसऱ्या दिवशी नवी पॉलिसी काढली. चालेल ना? – एक वाचक, वास्को

नाही. पॉलिसीवर तारखेसोबत वेळही असते आणि ती अपघातानंतरची आहे. दंड कलम 196 खाली पहिल्या वेळी 2000 रुपये, पण खरी अडचण तो नाही. जखमीला किंवा मृताच्या वारसांना द्यायची भरपाई आता तुमच्या खिशातून जाणार. विमा नसलेली अपघातातली गाडी मालकाने भरपाईपुरती तारण दिल्याशिवाय सोडू नये आणि तीन महिन्यांत तारण आले नाही तर लिलाव करून पैसे दावा प्राधिकरणात भरावेत, असा नियम करायला सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये राज्यांना सांगितले होते. म्हणून अर्जासोबत तारणाची तयारी ठेवूनच जा.

माझ्या रेंट-अ-कॅबच्या (ग्राहकाने स्वतः चालवायच्या भाड्याच्या) गाड्या आहेत. पर्यटकाने एक किनाऱ्यावर घातली, ती वाळूत रुतली आणि पोलिसांनी जप्त केली. गुन्हा त्याचा, गाडी माझी. – एक वाचक, पेडणे

गुन्हा बहुधा भारतीय न्याय संहितेच्या कलम 281 खाली, बेदरकार वाहन चालवल्याचा नोंद होईल. तेव्हा तुमचे दार न्यायालयाचे. अर्जाला आरसी, विमा, परमिट आणि भाडेकरार जोडा. करारावर ग्राहकाची सही, लायसन्सची प्रत आणि गाडी दिल्याची तारीख-वेळ हवी. करारात ‘किनाऱ्यावर गाडी नेणार नाही’ अशी वेगळी ओळ असली, तर तुमची बाजू पाचपट भक्कम होते. नसेल तर आजच छापून घ्या.

इथे घाई करायला एक वेगळे कारण आहे: मीठ. खारे पाणी आणि ओली वाळू ब्रेकच्या ड्रममध्ये, चाकांच्या बेअरिंगमध्ये आणि वायरच्या जोडांत बसते. जप्तीत चार आठवडे गेले, तर मागची चाके हलत नाहीत. पंचनामा आणि तपासणी झाल्याबरोबर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवायची आणि बॅटरीची केबल काढायची लेखी परवानगी तपास अधिकाऱ्याकडे मागा. पाणी बॉनेटपर्यंत पोहोचले असेल, तर ताबा मिळाल्यावर स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. टो करून गॅरेजमध्ये न्या.

हे सगळे काळ्या नंबरपाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या गाडीचे. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने दिली असेल, तर प्रकरण कलम 192 अ चे होते. परमिटविना वापराला 10,000 रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. कलम 207 खाली गाडी अडकवता येते, आणि ती सोडवायला वाहतूक खात्याकडे जावे लागते. ट्रॅफिक सेलमध्ये कितीही चकरा मारल्या तरी काही होणार नाही.

याच कलम 207 विषयी आणखी थोडे. त्यात गाडी अडकवण्याची कारणे मोजकी आहेत: लायसन्स नसणे, वय कमी असणे, नोंदणी नसणे, परमिट नसणे किंवा परमिटमधला मार्ग, क्षेत्र वा कामाची अट मोडणे. विमा किंवा पीयूसी त्या यादीत नाही. ते नसतील तर तालांव मिळेल, पण 207 खाली गाडी नेता येत नाही.

सोळा वर्षांचा मुलगा माझी स्कूटर घेऊन गेला आणि पकडला गेला. दंड भरून गाडी मिळेल का? – एक पालक, फोंडा

कलम 199 अ खाली पालक किंवा मालकच दोषी धरला जातो: 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, मुलाला वयाच्या 25 व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. हे ट्रॅफिक सेलच्या खिडकीवर मिटणारे प्रकरण नव्हे, न्यायालयात जावे लागते. ‘मला न सांगता नेली’ हा बचाव कायद्यात आहे, पण तो सिद्ध तुम्ही करायचा. चावी दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असेल, तर ते कठीण जाईल. सोळाव्या वर्षी 50 सीसीपर्यंतची बिनगिअरची दुचाकी चालते हे खरे, पण लायसन्स काढूनच. नेहमीच्या 110 किंवा 125 सीसीच्या स्कूटरला ही सवलत लागू नाही.

बाबांच्या नावावरची मोटारसायकल उचलली. बाबा वारले त्याला आठ महिने झाले. आरसी बदलायची राहिली. – एक वाचक, केपे

मालक गेल्यावर 30 दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवले, तर वारसाला तीन महिने गाडी वापरता येते. त्या मुदतीत नमुना 31 भरून ती आपल्या नावावर करायची असते. तुमची मुदत उलटून गेली आहे, उशिराचा दंड भरून काम होईल. सोडवताना मृत्यूचा दाखला, तुमचे नाते दाखवणारा कागद आणि इतर वारसांची ना-हरकत घेऊन जा. पार्किंगसारखे साधे प्रकरण असेल, तर सेलमध्ये अर्ज करून बघायला हरकत नाही. गुन्ह्यातली गाडी असेल तर मात्र न्यायालय वारसाहक्काचा कागद मागेल.

गोव्यात त्यासाठी उपनिबंधक कार्यालयातल्या विशेष नोटरीसमोर वारसांचा दस्त होतो. आईचा अर्धा हिस्सा बहुधा तिचाच असतो, म्हणून ना-हरकतीवर तिची सही नसेल, तर बाकी सगळ्यांच्या सह्या असूनही काम अडते. भावंड परदेशी असेल तर मुखत्यारपत्र मागवायला वेळ लागतो, ते आधी मागवा. आरसीवर वारस नेमायची सोय 2021 पासून आहे. घरातल्या उरलेल्या गाड्यांसाठी ती वापरा.

पाच महिन्यांनी, पावसाळा संपल्यावर, कार परत मिळणार आहे. घेताना काय बघू? यार्डात नुकसान झाले असेल तर सरकार जबाबदार का? – एक वाचक, म्हापसा

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी. सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये गुजरातच्या मेमन महंमद हाजी हसन प्रकरणात म्हटले की जप्त केलेल्या वाहनाची वाजवी काळजी घेणे सरकारचे कर्तव्य आहे, दुसऱ्याची ठेव सांभाळणाऱ्यासारखेच ते जबाबदार ठरते. दावा दिवाणी न्यायालयात चालतो आणि वेळखाऊ असतो. तो उभा राहतो जप्ती पंचनाम्यातल्या वर्णनावर. स्टेपनी, स्टिरिओ, बॅटरीचा मेक, किलोमीटरचा आकडा पंचनाम्यात असेल, तरच ‘गेले’ म्हणता येते. जप्तीच्या वेळी हजर असाल तर पंचांना हे सगळे लिहायला लावा. तसा तपशील नसलेला पंचनामा मालकाच्या काही कामाचा नाही.

आता गाडी. मेकॅनिक आणि एक चार्ज केलेली बॅटरी घेऊनच जा. बॉनेट उघडून आधी वास घ्या. उंदराच्या मुताचा वास कळतो. एअर फिल्टरच्या डब्यात नारळाच्या काथ्याचे आणि कापडाचे घरटे सापडते, आणि जवळची वायरिंग कुरतडलेली असते. अशी गाडी जागेवर चालू केली, तर शॉर्ट होऊन आग लागू शकते. ऑइलची कांडी काढा. तेल चहासारखे दुधट दिसले, तर आत पाणी गेले आहे. चालू करू नका. कार्पेट दाबून बघा, ओले असेल तर सीटखालच्या कनेक्टरना हिरवा गंज चढलेला असतो. पाच महिने लावून ठेवलेला हँडब्रेक ड्रमला चिकटतो, तेव्हा गाडी जोरात ओढू नका. चाक काढून ड्रम हलक्या हाताने ठोकला की सुटतो. टायरमध्ये हवा भरा आणि बाजूच्या भिंतीला भेगा आहेत का ते बघा.

विमा आणि पीयूसी मधल्या काळात संपलेले असेल. तसे असेल तर गाडी चालवत बाहेर काढू नका. खंड पडलेल्या सर्वंकष पॉलिसीला कंपनी आधी गाडीची पाहणी करते. ती पाहणी घरी आणून, पण दुरुस्तीनंतर करून घ्या.

रात्री नाकाबंदीत दारूसाठी पकडले आणि गाडी ठेवून घेतली. सोबत न प्यायलेला मित्र होता, त्याला दिली नाही. – एक वाचक

मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम आहे. कलम 185 चे प्रकरण न्यायालयात जाते: पहिल्या वेळी 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. अटक झाली असेल तर दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, नाहीतर सोडून द्यावे लागते. गाडीची तात्पुरती योग्य व्यवस्था करणे अधिकाऱ्याचे काम आहे. लायसन्स असलेल्या, न प्यायलेल्या माणसाला ती देणे हीही व्यवस्थाच. पण त्या मित्रानेही यंत्रात फुंकून दाखवायला हवे, आणि त्याचे लायसन्स जागेवर दिसायला हवे. यंत्राची छापील पट्टी मागून घेतलीत ना? तिच्यावरची वेळ तालांवाशी जुळते का, ते बघा.

आमच्या गेटसमोर वर्षभर एक भंगार व्हॅन आहे. नंबरप्लेट नाही. कोण हलवणार? – एक वाचक, मडगाव

कलम 127 खाली पोलीस हलवू शकतात. तिथे दहा तासांची अट पूर्ण होऊन जमाना झाला. ट्रॅफिक सेलला लेखी अर्ज द्या, प्रत पालिकेला, आणि दोन वेगवेगळ्या तारखांचे फोटो जोडा, म्हणजे ती उभीच असल्याचे दिसेल. पाटी नसली तरी चेसिस नंबरावरून मालक सापडतो. व्हॅनमध्ये ड्रायव्हरच्या सीटखालची पट्टी पुसून बघा, बहुधा तिथे कोरलेला असतो. तो अर्जात लिहिलात, तर सेलचे निम्मे काम होते.